भाऊराव दारात नव्हते

आमच्या बँकेत दरोडा पडला त्याला आता वर्ष होत आलं, तरी कुणी भेटलं की पहिलं हेच विचारतं, "सुचिता मॅडम, कट्टा खरा होता का?" खरा होता बाबा, गावठी पिस्तूलच. मानेला टेकला की लोखंड कळतं. पण मला कट्ट्याचं सांगायचंच नाही. मला भाऊरावांचं सांगायचंय, आणि ते सांगायचं म्हणजे आधी माझा आगाऊपणा सांगावा लागतो, म्हणून इतके दिवस टाळत होते.

भाऊराव म्हणजे आमच्या पिंपळगाव राजाच्या शाखेचे गनमन. गाव अमडापूर. सतरा वर्षं फौजेत काढली, नाईक म्हणून रिटायर झाले आणि लायसन काढून स्वतःची दुनळी बंदूक घेतली. ही नोकरी अशीच असते. बंदूक ज्याची त्याची, एजन्सी नुसता माणूस पाठवते. बंदूक आहे तोवर ड्यूटी, नाही तर बसा घरी. त्यांच्या घरी तानाबाई, आणि मुलगी मयुरी बुलढाण्याला नर्सिंगला. मुलीचं दुसरं वर्ष चालू होतं, आणि ते सगळं या एका नोकरीवर.

तीन वर्षांत त्या बंदुकीतून एक बार निघाला नव्हता. त्यांचं खरं काम वेगळंच होतं. निराधारचा पगार जमा झाला की सही न येणाऱ्या म्हाताऱ्या थव्याने यायच्या, आणि भाऊराव चष्मा चढवून आतल्या बाकावर बसून एकेकीचा विड्रॉल भरून द्यायचे. कुणी अंगठा भलतीकडे लावला की दटावायचे, आणि बायाही निमूट ऐकायच्या. त्यांची स्वतःची आई म्हणे एका बँकेतून तीनदा रिकाम्या हाताने घरी गेली होती, फॉर्म भरून द्यायला कुणी नाही म्हणून. हे त्यांनी चहा पिताना सांगितलं होतं. मी ऐकलं आणि विसरले.

मला राग पटकन येतो. लोणारला माझ्या माहेरी विचारा, अजून नावं ठेवतात. त्या बायांचा गलका, त्यात भाऊराव सहा-सहा फॉर्म घेऊन थेट माझ्या खिडकीशी यायचे, "मॅडम, या बाईची एसटी हाये." रांगेतले लोक बोलणार कुणाला, तर मला. एक दिवस डोकं फिरलं आणि मी मॅनेजर साहेबांना लेखी अर्जच दिला, गार्डने दारातच उभं राहावं, फॉर्म भरणं हे त्याचं काम नाही. साहेबांनी लगेच मेमो काढला. अर्ज कुणाचा ते साहेब सांगणार नाहीत अशी माझी समजूत होती.

चार दिवस भाऊराव दारात खांबासारखे उभे. बाया विचारायच्या, ते म्हणायचे, मनाई आहे. मग त्या कुणाकडून तरी कसेबसे फॉर्म भरून आणायच्या, आणि मी चुका काढून परत पाठवायचे. त्यात पंच्याहत्तरीच्या जनकाबाई. मंगळवारी परत पाठवल्या, गुरुवारी परत पाठवल्या. शुक्रवारी त्या तिसऱ्यांदा आल्या. भाऊरावांनी त्यांच्या हातातला चुरगळलेला फॉर्म पाहिला, दार सोडलं आणि आत येऊन बाकावर बसले. बंदूक बाकामागे भिंतीला लावली आणि चष्मा काढला खिशातून. पाच मिनिटांत दहा-अकरा बायांनी त्यांना असं वेढलं की त्यांचं टक्कलसुद्धा दिसेना. मी खिडकीतून बघत होते आणि मनात दुसरा अर्ज लिहीत होते.

साडेअकराला तिघे आत आले. तोंडाला रुमाल. एक दारातच थांबला, एक कोयता घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये शिरला आणि तिसरा काउंटरवरून उडी मारून माझ्यामागे. मानेला कट्टा लावून तिजोरीची किल्ली मागायला लागला. किल्ली साहेबांकडे असते, हे एवढं वाक्य माझ्या तोंडून निघेना. माझं पोरगं तेव्हा तिसरीत होतं. त्याचा डबा मी त्या दिवशी भरला होता की नाही, एवढंच मला आठवायचं होतं आणि आठवत नव्हतं.

तेवढ्यात बाकाकडून आवाज आला. चढा नाही, रोज फॉर्म भरताना असायचा तसाच.

"बाया हो, समद्या खाली वाका. डोकं वर काहाडू नका."

आणि वाकल्या. एकीनेही काऊन म्हणून विचारलं नाही, एकीनेही वर पाहिलं नाही. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर धावाधाव, रडारड झाली असती. ज्या माणसाच्या सांगण्यावर तीन वर्षं अंगठे लावले त्याचं त्यांनी ऐकलं. समोर एकटे भाऊराव उभे, खांद्याला बंदूक. पहिला बार त्यांनी छतात काढला. प्लास्टर कोसळलं, माझ्यामागचा दचकला आणि कट्टा माझ्या मानेवरून काढून त्यांच्याकडे वळवला. मी टेबलाखाली पडले. कट्ट्याची गोळी भिंतीत गेली. भाऊरावांचा दुसरा बार त्याच्या मांडीत. बाकीचे दोघे पळाले, एकाला स्टँडवर लोकांनी धरलं, दुसरा दोन दिवसांनी सापडला. इकडे भाऊराव काउंटरमागे आले, त्या पडलेल्या पोराच्या मांडीला स्वतःचा दुपट्टा आवळून बांधला आणि गाडी आणा म्हणाले. म्हणून तो जगला. मग मला उठवून खुर्चीत बसवलं आणि जनकाबाईंना म्हणाले, अंगठा राह्यला तुमचा.

इथे गोष्ट संपली असती तर मी ती मिरवत सांगितली असती. पण पोलिसांनी बंदूक जमा केली, आणि बँकेने चौकशीला अकोल्याहून एक साहेब पाठवले. एजन्सीवाला सगळ्यांसमोर म्हणाला, गार्ड जागा सोडून आत बसला होता हे निघालं तर त्याला ठेवता येणार नाही. झालं, मयुरीचं नर्सिंग डोळ्यापुढे आलं. माझ्या अर्जापायी या माणसाची भाकरी जाणार. मी ठरवलं, खोटं बोलायचं. जबाब ठोकून दिला, गार्ड नेहमीप्रमाणे दारात होते.

तीन दिवसांनी त्या साहेबांनी मला बोलावलं. सुकट चेहऱ्याचा माणूस, हसणं माहीतच नसावं. त्यांनी सगळे जबाब टेबलावर मांडले होते. बायांनीही ठरवलंच होतं म्हणा ना, फक्त एकमेकींना विचारायचं राहून गेलं. एकीने भाऊरावांना दारात ठेवलं होतं, एकीने पायरीवर, एकीने लिंबाखाली, आणि जनकाबाईंनी थेट गच्चीवर. शेवटचा जबाब खुद्द भाऊरावांचा होता. त्यात लिहिलं होतं, मी दारात नव्हतो, मनाई असताना आत बसून फॉर्म भरत होतो.

"बायांचं समजू शकतो," साहेब म्हणाले. "पण मॅडम, तुमच्या तर डोक्यावरच कॅमेरा आहे."

खरंच की हो. रोज ज्याच्याखाली बसते तोच विसरले. मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग मी कागद मागितला आणि सगळं खरं लिहिलं. अर्ज माझा, चार दिवस बाया परत पाठवल्या मी, आणि भाऊराव त्या मेमोप्रमाणे दारात उभे असते तर मी हे लिहायला नसते. साहेबांनी ते वाचलं आणि पोलिसांकडचा एक कागद पुढे सरकवला. धरलेल्या पोराने कबूल केलं होतं, चार दिवस ते समोरच्या टपरीवरून बघत होते. दारातल्या गार्डच्या डोक्यात आधी सळई घालायची, मग आत शिरायचं, असं ठरलं होतं. शुक्रवारी दारात कुणी दिसलं नाही, तर त्यांना वाटलं आज गार्ड सुट्टीवर. साहेब म्हणाले, अहवालात मी हेच लिहिणार आहे. मेमो रद्द होईल, माणूस राहील, बंदूक कोर्टातून सुटेपर्यंत बिनबंदुकीची ड्यूटी करील.

भाऊराव बाहेर पायरीवर बसले होते. मी त्यांना निकाल सांगितला. त्यांनी डोळे मिटले आणि मोबाईल काढून मयुरीला फोन लावायला लागले. मी म्हटलं, काका, आधी माझं ऐका, तो अर्ज माझा होता.

"मालूम हाये," ते म्हणाले. "म्यानेजर सायबांनं मेमोसंगच वाचाले देल्ला होता."

म्हणजे बंदूक खांद्याला लावली तेव्हाही माहीत होतं. मग ते म्हणाले, "अर्जात खोटं काई नोतं, मॅडम. गलका तं होतच होता. पन जनकाबाईले दोनदा वापस नोतं पाठवा लागत. कोसभर पायी येते थे म्हातारी."

त्या माणसाने माझा जीव वाचवला होता आणि मला फक्त एवढंच सुनावलं. मी तिथेच रडले, पायरीवर, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर. पाया पडायला वाकले तर त्यांनी पाय मागे घेतले. म्हणाले, आमच्यात पाया पडत नाहीत, जयभीम म्हणा, झालं. तीन वर्षं रोज सकाळी भेटत होतो, तो शब्द मी त्यांना एकदाही म्हटला नव्हता. हात जोडले आणि म्हटला. त्यांनी सावकाश हात जोडून परत दिला, आणि मग मुलीला फोन लावला.