चतुराबाईचा उजवा हात

निजामाच्या अमदानीत दिंद्रुडात जन्मलेल्या निम्म्या पोरांची नाळ चतुराबाईनं बांधली होती. बाया म्हणायच्या, हिच्या हाताला यश हाय. आणि नेमकं त्या पौषात तिच्या अंगावरून वारं गेलं. जीभ शाबूत राहिली, पायही पंधरा दिवसांत सावरला. उजवा हात मात्र लोंबतच राहिला. घरात लेक सावित्री पहिल्या बाळंतपणाला आलेली, चैतात दिवस भरणार.

"दुसरी सुईण बघू," जाऊ भामाबाई म्हणाली.

"माझ्या लेकीला दुसरीचा हात? मी काय मेले का?" चतुराबाई कडाडली.

अंबाजोगाईच्या छावणीत उमर घालवून सुंदरराव कंपौंडर गावी परतले होते. त्यांच्याजवळ एक विलायती विजेची पेटी होती. पेटीतून दोन तारा निघत, त्यांच्या टोकाला पितळी बटणं. बटणांना ओलं फडकं गुंडाळून एक कपाळावर आणि दुसरं डाव्या कानाच्या वर दाबायचं.

"उजव्या हाताचा कारभार डोक्याच्या डाव्या अंगाला चालतो," सुंदररावांनी सांगितलं. "तिथं बारीक वीज सोडायची, मुंगी चालल्यागत. ती हात हलवणार न्हाई बरं का. झोपलेल्या जागेला जरासं जागं करील, मेहनत तुमचीच. गुण येईलच असं मी म्हणत न्हाई."

"म्हणू नका. वीज चालू असताना मी नाळंच्या गाठी मारीन. नाळ म्हणून कडब्याचं धाट आणि दोरा द्या इकडं."

पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. वीज सुटली तशा डोळ्यांपुढं ठिणग्या चमकल्या, तोल गेल्यागत वाटलं आणि मान आपोआप डोलायला लागली. झालं! "आई आली, अंगात आई आली!" म्हणत भामाबाईनं लोटांगण घातलं. घटकाभरात अंगण भरलं. कुणी नारळ फोडला, कुणी विचारलं, "आई, माझी म्हैस का म्हून आटली?" चतुराबाई बेजार झाली, पण ऐकतंय कोण? दुसऱ्या दिवशी पेटी देवघरात, आणि बटणांवर हा एवढा तेल-शेंदूर! तेलातून वीज कुठली जाणार? घासूनपुसून बटणं चालू करायला चार दिवस गेले. त्या चार दिवसांसाठी तिचा जीव तळमळला.

"आई न्हाई, वीज हाय ती!" तिनं अंगणातल्या बायांना सुनावलं. "पाया पडायची एवढी हौस असंल तर त्यापरीस माझं धाट धरा कुणीतरी."

खाली मान घालून भामाबाईच पुढं झाली.

मग रोज सकाळी तेच. भामाबाईनं धाट धरायचं आणि चतुराबाईनं दोरा गुंडाळायचा. डावा हात मदतीला धावला की ती त्याच्यावर स्वतःच बसायची. दोरा शंभरदा खाली पडे. रागानं रडू येई, रडून झालं की पुन्हा दोरा. माघात अंगठा हलला. होळीला दोन बोटं अंगठ्याला येऊन भिडली. विजेनं की हट्टानं, ते सुंदररावांनाही सांगता येईना.

चैतात, भर दुपारी सावित्रीची सुटका झाली. मुलगी. चतुराबाईनं डाव्या हातात नाळ धरली, उजव्यानं दोरा घेतला. पहिली गाठ सैल पडली. सावित्री घाबरून म्हणाली, "आये, काकीला बांधू दे की."

"गप पड!"

दुसरी गाठ घट्ट बसली. तिसरी त्याहून घट्ट. भामाबाईनं पात्यानं नाळ कापली, लेकरू पुसून सावित्रीच्या कुशीत दिलं. तरी चतुराबाई तशीच बसलेली. मिटलेली बोटं उघडतच नव्हती, दोऱ्याचं टोक त्यांच्यात गच्च अडकलेलं. भामाबाई एकेक बोट सोडवायला लागली, तसा चतुराबाईनं हात छातीशी ओढला. तिच्या डोळ्यांना धार लागली होती.

"राहू दे गं," ती म्हणाली. "लई दिसांनी काहीतरी धरलंय त्यानं."