वैभववाडीला उतरलो तो दिवस

सुमन, माझी बायको, जाईपर्यंत मी तिच्यापासून लपवलेली अशी एकच गोष्ट होती. बाकी सगळं तिला माझ्या चेहऱ्यावरून कळायचं. ही कळली नाही — किंवा कळूनही ती बोलली नाही, देव जाणे. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. मालवणात मला ओळखणारे फार आहेत, आणि खरी गोची तिथेच आहे.

मी हायस्कुलात गणित शिकवायचो. चांगलं शिकवायचो — आता इथे नम्रपणा कशाला? माझ्या वर्गात कॅल्क्युलेटर दिसला की तो जप्त व्हायचा आणि वर्ष संपेपर्यंत माझ्या टेबलाच्या खणात पडून राहायचा. मुलांना उभं करून तोंडी गुणाकार करायला लावायचो. बाजारात पालक भेटले की म्हणायचे, सरांनी पोरांची डोकी चालती ठेवली. ते ऐकायला मला आवडायचं. इतकं आवडायचं, की बोर्डाच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही हा नियम जणू मीच केलाय, अशा थाटात मी तो सांगत असे.

आणि माझी एकुलती एक मुलगी, वैजू — तिला आकडे लागत नव्हते.

लागत नव्हते म्हणजे काय? रीत यायची. समीकरण कसं मांडायचं, पुढची पायरी कुठली, सगळं नीट. पण त्रेसष्ट लिहायला जायची आणि वहीत छत्तीस उतरायचे. काल घोकून पाठ केलेला पाढा आज कोरा. मी ओरडलो. पट्टीने मारलंही. ती आळशी आहे असं मला वाटायचं — नाही, वाटायचं नाही. तसं मानणं मला सोयीचं होतं. गणिताच्या मास्तराच्या मुलीला गणित येत नाही, यापेक्षा ती आळशी आहे हे सांगायला बरं पडतं.

शेवटी सुमनने माझं न ऐकता तिला मुंबईला भावाकडे नेलं आणि मोठ्या हॉस्पिटलात तपासून आणलं. डॉक्टर म्हणाले, मुलगी हुशार आहे, अडचण आहे ती आकड्यांपुरती. अशा मुलांना दहावीला साधा कॅल्क्युलेटर वापरायची सवलत मिळते, त्यासाठी बोर्डाकडे अर्ज करा. त्या दिवसांत वैजू किती मोकळी झाली होती म्हणून सांगू. मामाने दिलेला कॅल्क्युलेटर घेऊन ओटीवर गणितं सोडवत बसायची, आणि उत्तर बरोबर आलं की मान वर करून माझ्याकडे बघायची. तिला नर्स व्हायचं होतं.

आता पुढचं.

मी दोघींना म्हटलं, शाळेत आत्ताच काही बोलू नका, मी स्वतः कोल्हापूरला बोर्डाच्या कार्यालयात जाऊन येतो. रजा टाकली. सुमनने डबा दिला. सकाळची एसटी पकडली. गाडीत बसलो तेव्हा मला खरंच जायचं होतं का? आजही छातीठोकपणे सांगता येत नाही. डोळ्यांसमोर सारखं एकच येत होतं — माझ्याच शाळेतलं केंद्र, माझेच सहकारी पर्यवेक्षक, आणि बाकावर कॅल्क्युलेटर घेऊन बसलेली माझी मुलगी. स्टाफरूममध्ये कुणी काही बोललं नसतं. चहा पिताना एकमेकांकडे बघून हसले असते, इतकंच. घाटाच्या अलीकडे वैभववाडीला गाडी थांबली, लोक चहाला उतरले, मीही उतरलो — आणि पुन्हा चढलो नाही.

दिवस तिथेच काढला. बाजारात उगाच फिरलो. एसटी स्टँडवरच्या बाकावर बसून सुमनचा डबा खाल्ला. चवीने खाल्ला, हेही सांगून टाकतो. संध्याकाळच्या गाडीने परत आलो आणि दारातच म्हटलं, बोर्डाने नाकारलं.

बोर्डाला कुणी विचारलंच नव्हतं.

वैजूने एकदाच विचारलं, "माका बघल्याशिवाय कसा नाय म्हटल्यान?" मी म्हटलं, नियम तो नियम. ती आत गेली. त्यानंतर तो कॅल्क्युलेटर तिने घरात कधी काढला नाही.

ती गणितात नापास झाली. ऑक्टोबरला पुन्हा बसली, पुन्हा तेच. मधल्या काळात तरी मला तोंड उघडता आलं असतं ना? अर्ज तेव्हाही करता आला असता. पण मग पहिल्या वेळी काय झालं होतं, हे बाहेर आलं असतं. म्हणून मी माझ्या मुलीला दुसऱ्यांदा नापास होऊ दिलं. समजून उमजून. नर्सिंगचं नाव घरात कुणी काढेनासं झालं, आणि पुढे तिचं लग्न आरोंद्याला झालं.

आज ती तिथे खाडीकाठी पर्यटकांच्या राहण्या-जेवणाची सोय करते. हिशेब कॅल्क्युलेटरवर, तोही सगळ्यांसमोर, ठसक्यात. पाहुण्यांना हसत सांगते, "बोर्डान माका नाय म्हटल्यान. आता कोण येता हातातलो काढून घेवक?" पाहुणेही हसतात. मी तिथे असलो तर उठून खाडीकडे जातो.

तिची मुलगी मुक्ता नववीत गेली, आणि तिच्या वर्गशिक्षिकेने नेमकं तेच ओळखलं — रीत बरोबर, आकडे उलटे. तपासणी करा म्हणाल्या, सवलत मिळेल. वैजूने साफ नकार दिला. मला फोनवर म्हणाली, "परत त्येंच्या दारात जावन माझ्या चेडवाचो अपमान करून घेवक मी तयार नाय."

फोन ठेवला. खरं सांगितलं तर मुलगी जाणार. गप्प बसलो तर नात जाणार. काय करतो माणूस अशा वेळी? मी तिसरी वाट काढली. माझ्यासारख्यांना ती बरोबर सापडते. आरोंद्याला गेलो आणि म्हटलं, अगं, तेव्हाचे नियम कडक होते, आता शिथिल झालेत. तिने बाप म्हणून विश्वास ठेवला. मुक्ताला तपासायला मी नेलं, शाळेत मी गेलो, पाठपुरावाही मीच केला. मुख्याध्यापकांनी अर्ज पाठवला आणि मंजुरी आली. एवढंच असतं ते. कुणी हसलं नाही, कुणी वळूनसुद्धा बघितलं नाही.

मंजुरी कळली त्या दिवशी मी आरोंद्यालाच होतो. मुक्ता मैत्रिणीकडे सांगायला पळाली. वैजूने मला जेवायला वाढलं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या शेजारी येऊन टेकली. डोळे भरले होते तिचे. म्हणाली, "बाबा, माझ्या वेळेक पण तुमी असेच खेटे घातल्यात ना? माका म्हायत आसा. तुमच्या हातात नव्हता ता."

मी होय म्हटलं.