पुन्हा-सांगा बाई

गुंतवणुकीच्या योजनांना मंजुरी देणाऱ्या आमच्या सरकारी कचेरीत त्यांना सगळे पुन्हा-सांगा बाई म्हणतात; अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची माझीही छाती नाही, आणि मी तर वर्षानुवर्षं त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसते.

काही वर्षांपूर्वी एक मोठी वित्त कंपनी बुडाली, त्यात बाईंच्या वडिलांची सगळी पुंजी गेली. चौकशीत एकेक साहेब उभा राहून म्हणाला, "सही माझी आहे, पण योजना मला नीटशी कळली नव्हती." सगळे नामानिराळे! बाई भडकल्या. पुढे नवे नियम झाले तेव्हा त्यांनी हट्टाने एक घालून घेतला. योजना बाजारात आणायची तर सही करणाऱ्याने ती स्वतःच्या तोंडाने समजावून सांगायची, वकील आणि कागद बाहेर ठेवून. बाईंना पटली तरच मंजुरीचा शिक्का, नाहीतर "पुन्हा सांगा."

परवा एक तरुण संचालक आला. आधी हात हलवत परत गेला होता. या खेपेला शिक्का मिळाला नाही तर योजनाच गुंडाळावी लागणार होती. पठ्ठ्याने सोबत आईलाच आणलं.

"हिला कळलं, तर मानाल ना?"

"मानेन की." बाईंनी आईंना आपली खुर्ची दिली.

तो बोलला मात्र छान. मलाही कळलं. आईंनी मान डोलावली. "समजलं रे. पण बुडालं तर भरणार कोण?"

"अगं, बुडणारच नाही."

"पुन्हा सांगा," बाई म्हणाल्या.

त्याने खिशातून पेन काढलं. "बरं, लिहून देतो. बुडालं तर आधी माझं राहतं घर विकायचं."

बाईंची कळी खुलली. त्यांनी शिक्का उचललासुद्धा.

"पण घर माझ्या नावावर आहे," आई म्हणाल्या.

आधी तोच हसला, मग आम्हालाही आवरेना. बाईंनी शिक्का खाली ठेवला. "तुमच्या नावावर काय आहे?"

पगार, गाडी, शेअर्स... त्याने मुकाट्याने लिहिलं. आईंनी चष्मा लावून वाचलं. "बोनस राहिला."

त्याने तोही लिहिला, सही केली आणि म्हणाला, "बुडालं तर मी भरेन."

हेच ऐकायला बाई त्या चौकशीला रोज जाऊन बसायच्या. त्यांचे डोळे भरून आले. मग शिक्का असा काही आपटला की माझ्या टेबलावरचा चहा हिंदकळला.

आई निघाल्या, तशा बाई त्यांच्यामागे दारापर्यंत धावल्या.

"उद्या मोकळ्या आहात का हो? उद्या एक बँक यायची आहे."