परग्रहावरचा धुरा

मुलगी नोकरीसाठी पुण्याला गेली आणि आमचं फोनवरचं बोलणं "जेवली का?"पाशीच अडू लागलं. ती "हो" म्हणायची. मी "बाकी?" म्हणायचो. "बाकी काही नाही." शेंदूरजनाघाटच्या बाजारात संत्र्याच्या सौद्यासाठी तासभर तोंड वाजवणारा मी, पोटच्या पोरीपुढे मुका. फार वाईट वाटायचं. दिवाळीला ती आली ती टीव्हीला जोडायचं एक यंत्र घेऊनच. दोघांनी आपापल्या घरून एकच खेळ खेळायचा, म्हणजे बोलणंही होईल, असा तिचा बेत.

खेळात आमचं यान एका अनोळखी ग्रहावर कोसळलेलं. तिथं हिंडायचं, अंगावर येणाऱ्या प्राण्यांना गोळ्या घालायच्या, परतीची वाट शोधायची. माझा अंतराळवीर अख्खी दिवाळी यानाच्या भिंतीला नाक लावून उभा होता. हातातल्या रिमोटवर एका अंगठ्यानं चालायचं, दुसऱ्यानं बघायचं, आणि माझे दोन्ही अंगठे सख्ख्या भावांसारखे भांडत.

"बाबा, आभायाकडे काहून पाहून राहिले? जनावर समोर हाय!"

"हे रिमोटच खराब हाय."

नाचता येईना, अंगण वाकडं.

ती परत गेली. मग दर रविवारी दुपारी कानाला हेडफोन लावून आम्ही त्या ग्रहावर भेटू लागलो. यानामागे चमकत्या रोपांचं शेत होतं, पलीकडे दरवाजा. ती सरळ रोपं तुडवत पळाली. मी मात्र कडेच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, निघालो. उभ्या पिकात पाय घालायचा नाही, हे वडिलांनी कानाखाली वाजवून शिकवलेलं; ग्रह बदलला म्हणून ते थोडंच सुटतं? पुढे धुरा खचलेला होता. मी धाडकन खड्ड्यात.

"अवो बाबा, पिकातून या ना!"

"दुसऱ्याचं वावर हाय."

"कोनाचं?"

"मले काय मालूम? पेरलं हाय म्हणजे कोनाचं तरी असंनच."

ती इतकी हसली की मलाही पडल्याचं काही वाटलं नाही. पडलेल्याला उठवायचं तर सोबत्यानं जवळ येऊन, गुडघे टेकून, बराच वेळ हात धरून बसावं लागतं. तेवढ्या वेळात तिनं मेसचं पाणचट वरण आणि ऑफिसातली चिडकी बाई सगळं सांगितलं. मी खड्ड्यातूनच विचारत होतो, "आखीन काय?"

आता मला बरंच जमतं. जनावरं मारतो, खड्डा तर लांबूनच दिसतो.

गेल्या रविवारी तिचा आवाज बसलेला वाटला.

"जेवली का?"

"हो."

"बाकी?"

"काही नाही."

शेत आलं. ती रोपांतून पुढे गेली. मी धुरा धरला.

"बाबा, खड्डा दिसते ना तुमाले?"

"दिसते," म्हणालो आणि पडलो.

मग ती मागे वळली, धावत आली, गुडघे टेकून माझा हात धरला.

"बाबा," ती म्हणाली, "मी नाही जेवली आज."