पानाची पाठ

चौक मंडईच्या वळणावर इब्राहिम बुकबाइंडरचं दुकान होतं, आणि दुकानापेक्षा त्याची भीती जास्त प्रसिद्ध होती. कागद कापण्याआधी तो तीनदा मोजायचा, आणि मोजून झालं की पट्टीच चुकीची असली तर, म्हणून दुसऱ्या पट्टीने पुन्हा मोजायचा. शाळेचं हजेरीपुस्तक बांधायला आलं तरी त्याला पावसाची, वाळवीची आणि हेडमास्तरांची अशी तिहेरी धास्ती वाटे. गिऱ्हाइकाच्या पुस्तकातून गळलेला चिटोरासुद्धा तो फेकत नसे. पुडीत बांधायचा, वर नंबर घालायचा आणि पुस्तकासोबत परत द्यायचा. उद्या कोणी विचारलं, माझा तुकडा कुठे आहे, तर? आळीत त्याला ‘पुडीवाला हकीम’ म्हणत. तोही हसे, पण पुडी बांधायचं सोडत नसे.

अशा माणसाकडे गोरक्षराव बोरस्त्यांनी आपला तीस वर्षांचा जीव सोपवला, ही गोष्ट १९३६च्या हिवाळ्यातली.

गोरक्षराव जंगलखात्यातले. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी हिमालयाकडच्या डोंगरांत काढली आणि पेन्शन घेऊन नाशकात परतले, गंगापूरच्या रस्त्याला मळ्यात राहू लागले. एवढा मोठा साहेब, काय काय घेऊन येतो म्हणून लोक बघायला गेले, तर गाडीतून उतरले जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे. प्रत्येक घडीत दाबून वाळवलेली एक फांदी. सगळ्या ओकच्या. ओक हे तिकडचं झाड, आणि त्यातल्या ज्या जाती बारा महिने हिरव्या राहतात, तेवढ्याच साहेबांनी जमवलेल्या.

त्यांच्याकडे स्वयंपाकाला असलेली झुंबरबाई नाक मुरडून म्हणाली होती, “हा पाला म्हशीला घातला तर ती बी तोंड फिरवंल.”

कोणती फांदी कोणत्या जातीची हे ठरवून त्यावर पुस्तक करायचं, एवढंच साहेबांचं उरलेलं काम. पण नोकरीत सवड नव्हती, आणि सवड मिळाली तेव्हा दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. शेवटी मुंबईला जाऊन डोळे कापून घ्यायचं ठरलं. जाण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी इब्राहिमला बोलावलं.

“साठ फांद्या आहेत. एकेका जाड कागदावर एकेक चिकटव. मी तीन आठवड्यांनी येतो. नव्या डोळ्यांनी पहिलं काम हेच करणार.”

“कसं चिकटवू, साहेब?”

“घट्ट. हलता कामा नये. आणि सुबक दिसू दे.”

इब्राहिमने हे वाक्य घरी येईपर्यंत मनात घोकलं. घट्ट. सुबक.

वाळवी लागू नये म्हणून मोरचूद घालून त्याने खळ शिजवली. कधी नव्हता एवढा धाक घेऊन तो त्या फांद्यांसमोर बसला. पानं कडक, कडेला बारीक काटे. वरची बाजू गुळगुळीत, चकचकीत. खालची बाजू काहींची पांढुरकी, काहींची तांबूस, धूळ बसल्यासारखी. सुबक बाजू कोणती, हे काय सांगायला हवं? इब्राहिमने एकूण एक पान चकचकीत बाजू वर करून, पाठीला पूर्ण खळ लावून, वरून वजन ठेवून असं बसवलं की नखसुद्धा शिरू नये. गळलेली पानं अर्थातच पुड्यांत गेली, वर कागदाचा नंबर. साठ कागद ओळीने मांडले तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा त्याला कसलीच भीती वाटली नाही. ते पाहूनच खरं तर त्याने सावध व्हायला हवं होतं.

दुपारी अमिना डबा घेऊन आली. त्याची बायको, मालेगावच्या विणकराची लेक. कागदांवरून एकदा नजर फिरवून तिने विचारलं, “अजी, यांची मागची बाजू?”

“मागची कशाला? मागे खळ आहे.”

“माझे अब्बा तर कापड आधी उलटं करून बघतात. म्हणतात, वरून सगळीच लुगडी नवी नवरी. धागा कसा घातलाय ते पाठीवर कळतं.”

“हा पाला आहे, कापड नव्हे,” इब्राहिम म्हणाला. पण हातातला घास त्याने परत डब्यात ठेवला.

दुसऱ्या दिवशी तो सहज म्हणून मळ्यावर गेला. झुंबरबाई तांदूळ निवडत होती.

“झुंबरबाई, साहेब त्या पानांचं काय बघतात हो?”

“पाठ! दुसरं काय? तोंडाकडं कवा बघितलंच नाय. भिंग घ्येत्यात, पान उलथं करत्यात, अन् आपलेच आपण बडबडत्यात. पांढरी लव असली की बांज, तांबडी असली की रियांज, अन् लवच नसली की तिलोंज. मला बी पाठ झालंय. वरून तिन्ही सारख्याच, मेल्या.” मग तिने मान वर केली. “का वो? तुमचं तोंड का उतरलं?”

“काही नाही.”

“मागं एका चित्रवाल्यानं पानाचे काटे चुकीचे काढले, तर साहेबांनी त्याला कागदासकट भाइर काढला. लय तापट. परवा येत्यात बरं का. तार आलीया.”

परतताना टांगेवाल्याने दोनदा हाक मारली, तरी इब्राहिम पायीच चालत राहिला. साठ फांद्या. तीस वर्षं. माणूस डोळे कापून घेऊन येतोय ते ज्यासाठी, तेच आपण आपल्या हाताने कागदाला चिकटवून निजवलंय.

दुकानात शिरून त्याने आतून कडी घातली. एक तरी पान सोडवता येतंय का बघू, म्हणून सगळ्यांत लहान फांदी निवडली. तीनच पानांची, कोपऱ्यात तांबड्या पेन्सिलीची खूण असलेली. लहान फांदी, लहान नुकसान, हा त्याचा हिशेब. ओलं फडकं ठेवलं, थोडा वेळ थांबला, आणि सुरीच्या बोथट टोकाने एक पान हळूच उचललं. पान अख्खं आलं. इब्राहिमने अल्लाचं नाव घेऊन ते उलटं केलं.

पाठ कोरी. हजामाने वस्तरा फिरवावा तशी. लव नावाला नाही.

म्हणजे चिकटवलेलं ठेवलं तर पाठ दिसत नाही, आणि सोडवलं तर पाठ राहत नाही. कागदावर पान होतं त्या जागी तांबूस डाग पडला होता. सवयीने त्याने तो खरवडायला सुरी लावली, पण कागदच फाटेल या भीतीने ती खाली ठेवली.

रात्री घरी अमिनाने सगळं ऐकून घेतलं.

“मालेगावला जाऊ या का चार दिवस?” त्याने विचारलं.

“चार दिवसांनी साहेब मालेगावला येतील. त्यापेक्षा तुम्हीच जा मळ्यावर.”

“ते मला बाहेर काढतील.”

“काढू देत. पण पुड्यांसकट जा. त्यांची वस्तू आहे.”

साहेब आले त्या सकाळी इब्राहिम टांग्यात साठ कागद मांडीवर घेऊन बसला, पुड्यांची पिशवी गळ्यात. टांगा दचकला की तोही दचके. ‘ती तांबड्या खुणेची फांदी साहेबांच्या जिवाची हाय, त्या रानातली झाडं नंतर तोडली म्हणं,’ हे झुंबरबाईने दारातच त्याच्या कानात सांगितलं. चांगल्या मनाने सांगितलं असावं. पण त्याने कागदांचा गठ्ठा दोन्ही हातांनी छातीशी आवळला.

साहेबांच्या डोळ्यांवर बाटलीच्या बुडासारख्या जाड काचांचा चष्मा होता. त्यांनी पहिला कागद उचलला. मग दुसरा. मग पाचवा. इब्राहिमला वाटलं, ओरडतील तर बरं.

“सगळे असेच?” शेवटी त्यांनी विचारलं.

“जी.”

“पाठीला पूर्ण खळ?”

“जी. घट्ट म्हणालात.”

साहेबांनी कागद खाली ठेवला. चष्मा काढला. तो काढल्यावर त्यांना काही दिसत नव्हतं, तरी ते बराच वेळ खिडकीकडे बघत राहिले. “एक पान उलटं ठेवायचं, हे मी सांगितलं नाही,” ते स्वतःशीच पुटपुटले. “मुंगीलाही कळतं, असं वाटलं मला.” मग एकदम वळले. “गळलेली पानं? तो कचरा कुठे टाकलास?”

“टाकला नाही, साहेब.” त्याने पिशवीच पुढे केली.

साहेबांनी पहिली पुडी सोडली. नंबर बारा. एक गळलेलं पान, खाली पांढरी शुभ्र लव. भिंग लावून ते म्हणाले, “बांज.” दुसरी पुडी. “तिलोंज.” तिसरी. झुंबरबाई दाराशी येऊन उभी राहिली. दुपारपर्यंत एक्कावन्न पुड्या सुटल्या आणि एक्कावन्न कागदांवर नावं चढली. साहेबांचा चेहरा मऊ पडत चालला, इब्राहिमचा आणखी पांढरा. कारण उरलेल्या नऊ फांद्यांचं काहीच गळलं नव्हतं, आणि त्यांतच तांबड्या खुणेची ती होती. तिचा कागद त्याने गठ्ठ्यात सगळ्यांत तळाशी घातला होता.

साहेबांनी तोच ओढला.

“हे पान कोणी उपटलं?”

“मी, साहेब. लव गेली. माझ्या हातून गेली.”

साहेबांनी पानाकडे पाहिलंच नाही. ते कागदावरच्या डागावर वाकले, नाक टेकेल इतके. “गेली कुठे? इथेच आहे.” भिंग त्यांनी इब्राहिमच्या हातात कोंबलं. त्या काचेतून त्याला दिसलं: ज्याला तो डाग समजून खरवडणार होता, ती खळीत रुतलेली तांबूस केसांची दाट गादी होती, पानाच्या आकाराची, शिरांच्या रेघांसकट.

“रियांज,” साहेब म्हणाले. “मला वाटायचं, काही निराळीच जात असेल.” त्यांनी कागदावर नाव लिहिलं. “असो. आता बाकीच्या आठांवरचं एकेक पान उपट. माझ्यासमोर.”

“मी?”

“मग काय झुंबरबाई?”

“मी नाय बाबा हात लावायची,” ती म्हणाली.

ओलं फडकं, थांबणं, सुरी. प्रत्येक पानाला इब्राहिमचा श्वास अडकायचा आणि पान सुटलं की सुटायचा. पहिल्याखाली पांढरी गादी. दुसऱ्याखाली तांबूस. तिसऱ्याखाली कागद कोरा, म्हणजे तिलोंज. सहाव्या फांदीवर किडीतून वाचलेलं एकच पान होतं, आणि तिथेच त्याचा हात हलला. पान चुरलं, कागदाचा पापुद्राही सोबत निघाला, आणि साहेबांनी भिंग खाली ठेवलं. इब्राहिमने चुरा सवयीने पुडीत गोळा केला. सातवं आणि आठवं त्याने कसं सोडवलं, हे त्याला नंतर कधीच आठवलं नाही.

चुरलेल्या पानाच्या कागदावर साहेबांनी लिहिलं: ‘जात ठरली नाही.’ दोष कोणाचा, ते लिहिलं नाही.

इब्राहिम निघाला तेव्हा साहेबांनी आणखी एक गठ्ठा त्याच्या हातावर ठेवला. चाळीस फांद्या.

“साहेब, मला भीती वाटते.”

“म्हणूनच तुला देतोय. पुड्या बांध.”

तो गठ्ठा त्याने नुकतंच जन्मलेलं मूल घ्यावं तसा घरी आणला. प्रत्येक फांदीचं एक पान उलटं बसवलं, आणि तेही तीनदा तपासून. त्यानंतर इब्राहिम जेवताना भाकरीसुद्धा पालथी करून बघू लागला. अमिना म्हणायची, “अजी, जळकी नाही हो.” तो म्हणायचा, “बघितलेलं बरं.” पण चुरलेल्या त्या पानाची पुडी त्याने साहेबांना कधीच दिली नाही. तिच्यात काही ओळखू येण्यासारखं उरलं नव्हतं. ती दुकानाच्या फळीवर, नंबर घालून, तशीच राहिली.