सरजाबाईचे मालक

आमच्या वस्तीत घर ट्रॅक्टरवर बसून येतं. परभणीच्या वर्कशॉपातून लोखंडी अँगल आणि पत्रे आणायचे, नटबोल्ट आवळायचे, दिवस मावळायच्या आत घर उभं. पिंगळी स्टेशनच्या अलीकडे अशी बावीस घरं आहेत. घर ज्याचं त्याचं, खालची जागा मात्र दिनकररावांची. त्यांची अट एकच, पाया घ्यायचा नाही.

यातली एकोणीस घरं सरजाबाईनं उभी केलीत. साठी उलटली तरी पाना कमरेला खोचलेला. कुणाचा पत्रा वाऱ्यानं वाजायला लागला की ती बोलावण्याची वाट बघत नाही, स्टूल घेऊन येते, आणि काम होईपर्यंत घरातल्या पुरुषांची अशी बिनपाण्यानं करते की ते बिचारे चहा टाकायला आत पळतात. तिचं स्वतःचं घर दीड तासात सुटतं. याचा तिला लय अभिमान. मी सुकेशनी, तिची शेजारीण, अंगणवाडीत मदतनीस. माझं डोकं लवकर तापतं, हे आधीच सांगून ठेवते.

गेल्या वर्षी दिनकररावांनी जागा विकायला काढली. वय झालं, मुलं पुण्यात. एक गोदामवाला टपूनच होता. पण दिनकरराव बोरीचे, जुन्या वळणाचे. म्हणाले, आधी हक्क तुमचा. सगळे मिळून संस्था काढा, जागा संस्थेच्या नावावर करून देतो, दसऱ्यापर्यंत थांबतो. मात्र बावीसच्या बावीस घरं आत पाहिजेत, एक जरी बाहेर राहिलं तर मागून भांडणं व्हायची, ती कटकट मला नको.

आम्ही गृहनिर्माण संस्था काढली. सचिव मीच. बँकेचंही मार्गी लागलं. एकवीस सह्या झाल्या आणि गाडी सरजाबाईच्या दारात अडली.

तीनदा गेले. तिन्हीदा तिनं चहा पाजला आणि विषय बदलला. चौथ्यांदा माझा पारा चढला. म्हटलं, मावशी, तुझं काय जातंय, पाना फिरवला की चाललीस, आम्ही एकवीस घरांनी कुठं जायचं? बोलले आणि जीभ चावली.

ती रागावली नाही. खाली बसली आणि पालमचं सांगायला लागली. तिथं तिचं दगडमातीचं घर होतं. वीस वर्षं तिनं ते आपल्या हातानं लिंपलं, सारवलं. नवरा वारला, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, आणि आठव्या दिवशी दिरानं तिचं बोचकं दारात आणून ठेवलं. घर माझ्या भावाचं होतं, तुझं नाव कुठंय, म्हणाला. भिंतीला हात लावून ती बाहेर पडली ती कायमची.

"मातीचं घर उचलता येत न्हाई, सुके," ती म्हणाली. "म्हणून हे घेतलं. कोणी ऊठ म्हणलं तर हे माझ्यासंगं येतंय."

घरी येऊन मी रडले, खरं सांगते.

दसऱ्याला बारा दिवस उरले असताना कागद करायला रजिस्ट्री कचेरीतून एक नवा कारकून आला. पहिलंच घर सरजाबाईचं. मी नेमकी अंगणवाडीत. त्यानं विचारलं, मालकाचं नाव काय? हिनं पदर सावरला आणि म्हणाली, नाव कसं घेऊ बाबा, वारले ते, सोळा वर्षं झाली. आता आमच्याकडच्या बाईला मालक म्हणजे कोण, हे शेंबडं पोरही सांगेल. पण तो जागेच्या मालकाचं विचारत होता. त्यानं रकान्यात लिहिलं, मयत.

आठवडा गेला आणि त्या भरलेल्या कागदासोबत बोरीला दिनकररावांच्या घरी नोटीस गेली, की जागामालक मयत असल्यानं वारसांनी हजर व्हावं. वाचायला स्वतः मयतच घरी होते. स्कूटर काढून ते थेट वस्तीत आले, आणि मला वाटलं, झालं, बुडालो आम्ही.

"सरजाबाई, मी कधी मेलो?"

सरजाबाईचा चेहरा पांढरा पडला. तुमी न्हाई, आमचे मालक, असं ती पुटपुटली. दिनकररावांना समजायला एक क्षण लागला, मग ते इतके हसले की डोळ्यातून पाणी आलं. वस्ती हसली. हसू ओसरल्यावर त्यांनी खिशातला पेन काढला, चुकीचा कागद मांडीवर घेतला आणि मयत शब्दावर काट मारून शेजारी स्वतःचं नाव लिहिलं.

"इथं माझं नाव झालं. खाली घरमालकाचा रकाना कोरा हाय. या घराचे मालक कोण?"

जन्मात सरजाबाईला हे कुणी विचारलं नव्हतं. तिनं पत्र्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मीच की," ती हळूच म्हणाली.

दिनकररावांनी लिहिलं. तिनं ते दोनदा वाचायला लावलं. मग मला विचारलं, संस्था झाल्यावर तिला कोणी उठवू शकतंय का? म्हटलं, दीर न्हाई, दिनकरराव न्हाई, गोदामवाला न्हाई. जमीन संस्थेची, अन् संस्था म्हणजे आपण बावीस, त्यात तुझंबी नाव. तशी ती म्हणाली, आण तो फॉर्म. सही करताना नावातल्या काना-वेलांट्या शोधत तिनं पाच मिनिटं घेतली, पण अंगठा काही दिला नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खरेदीखत झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या घरातून ठोकाठोकीचा आवाज आला. धावत गेले. ती हातोड्यानं एकेका बोल्टचं टोक ठोकून चपटं करत होती. असं ठोकलं की नट पुन्हा सुटत नाही, कुठलाही पाना आणा.

"मावशी, आता हे घर हलायचं न्हाई."

"कुठं न्यायचंय?" ती म्हणाली आणि पुढचा बोल्ट धरला.

तेवढ्यात लाइटचा मीटरवाला दारात आला. हातातल्या यंत्रात बघत त्यानं सवयीनं विचारलं, मालक हायेत का घरात?

सरजाबाईनं हातोडा खाली ठेवला, पदर सारखा केला.

"हायेत," म्हणाली, आणि स्वतःच बाहेर गेली.