एका खर्र्याची पाटी

माझी शाळा चौथीत संपली. पण हिंगण्याच्या कंपनीत पितळी पाट्यांचं काम अडलं की शिकलेले इंजिनियर माझ्याकडेच यायचे, हे सांगून ठेवतो.

काम साधं वाटतं. पितळेच्या पत्र्यावर अक्षरं आखून त्यांच्यावर लाखेच्या रंगाचं पांघरूण घालायचं आणि पत्रा फेरिक क्लोराईडच्या तपकिरी पाण्यात सोडायचा. उघडं पितळ फेरिक खातं, झाकलेली अक्षरं वर राहतात. पण फेरिकला शिस्त नसते. खोल जाता जाता ते बाजूलाही तोंड घालतं, अक्षराच्या बुडाखाली शिरतं. म्हणून सगळी करामत एकच: पत्रा बाहेर कधी काढायचा.

कंपनीच्या भिंतीवर घड्याळ होतं. फेरिकच्या वाफेनं आधी त्याचेच काटे खाल्ले. माझं घड्याळ तोंडात होतं. सुपारी, तंबाखू, चुना नीट घोटलेला एक खर्रा. त्याची चव उतरली की पाटी झाली. उन्हाळ्यात फेरिक तापतं, भराभर खातं, तेव्हा अर्धा. एकही पाटी कधी बिघडली नाही.

मग मुलगी दातांची डॉक्टर झाली आणि तिनं पहिला पेशंट म्हणून मलाच धरलं. तोंडात आरसा घालून म्हणाली, "बाबा, खर्रा बंद. नाही तर माझ्या दवाखान्याच्या उद्घाटनाले येऊ नका."

येऊ नका? दवाखान्याची पाटी मीच करणार, हे मी अख्ख्या मोहल्ल्यात सांगून बसलो होतो! सोडला खर्रा. तलफ आली तर चघळायला तिनं लवंगांची डबी दिली.

उद्घाटन रविवारी. शुक्रवारी दुपारी मी घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये पत्रा तयार केला. मे महिना होता. मुलगी म्हणाली, "मोबाईलवर टायमर लावून देऊ?"

"तुह्या जन्माच्या आधीपासून पाट्या काढून राहिलो मी. मले टायमर शिकवतं काय वं?"

ती गेली. मी लवंग दाढेत धरली, पत्रा सोडला आणि चव उतरायची वाट बघत बसलो. लवंग उतरेच ना. उन्हाळा आहे, अर्धीच धरू म्हटलं. पण अर्धी ओळखायची कशी? जीभ बधिर झालेली. मधून मधून पत्रा उचलून नखानं खोली बघता येते, पण ते नवशिक्यांचं काम.

शेवटी काढला. मोठ्या अक्षरातलं नाव ठणठणीत उभं होतं. खालची बारीक ओळ, म्हणजे तिची पदवी, पांघरुणासकट पाण्यात गेली होती.

बायको डोकावली. "पोरीचं पाच वर्षांचं शिक्षण धुतलं न तुमी?"

मुलीनं पाटी उन्हात धरली. "बाबा, पदवी कुठी गेली?"

"लोकं नाव पाहून येतात. पदवी कोण वाचते?"

"पदवी नसली तर लोकं म्हणतील, ही कोण भोंदू बाई दात पाडून राहिली."

एवढंच बोलली, रागावलीही नाही. माझ्या चौथीवर कोणी बोट ठेवलं तर मी भांडतो. तिच्या पदवीवर बोट ठेवायला मी लोकांना पाटी करून दिली होती.

शनिवारी सकाळी नवा पत्रा घेतला. "लाव तुहा टायमर."

"काय म्हटलं, बाबा?"

"ऐकू आलं तुले."

"किती मिनिटं लावू?"

इथं मी अडकलो. एका खर्र्याची मिनिटं किती, हे मी जन्मात मोजलं नव्हतं. तिनं हसू दाबलं आणि दर तीन मिनिटांची घंटी लावली. प्रत्येक घंटीला मी पत्रा उचलायचो, पाण्यानं धुवायचो, कडेला नख लावायचो, अगदी कालच कामाला लागल्यासारखा. चौथ्या घंटीला मला वाटलं, झालं. तिनं हात पुढे केला. दात चाचपणारी तिची बोटं कडेवरून फिरली.

"अजून जरासं."

"कोण म्हणते?" म्हटलं, आणि पत्रा परत सोडला.

पाचव्या घंटीला काढला. पदवीतलं टिंबसुद्धा जागेवर होतं.

रविवारी पाहुण्यांनी विचारलं, पाटी कोणी केली. ती म्हणाली, "बाबांनी." डॉक्टर माणूस खोटं कशाला बोलेल, म्हणून मीही पाचव्या घंटीची गोष्ट काढली नाही.